दुसरा दोर

२०१६ च्या हंगामाचे शेवटचे दिवस होते. कोल्हापूरहून आलेलं एक कुटुंब माझ्या होडीवर होतं. सिंधुदुर्ग किल्ल्यापासून थोड्या अंतरावर, दोन-अडीच वाव पाण्यात, मी एकेकाला खाली नेऊन प्रवाळाचं खडप दाखवून आणत होतो. त्यांची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी वर आली, तोंडातली नळी काढली आणि म्हणाली, "बाबा, खाली सगळं संगमरवरासारखं पांढरं आहे!" वडिलांनी मला विचारलं, असा पांढरा प्रवाळ दुर्मीळ असतो का, त्याच्यासोबत फोटो निघेल का. मी फोटो काढून दिले.

धक्क्याकडे परतताना मात्र मला राहवलं नाही. त्या मुलीला म्हटलं, "ताई, तो प्रवाळ एरवी तपकिरी असतो, कुठे हिरवट. पाणी तापलंय म्हणून पांढरा पडलाय. उपाशी आहे तो." ती गप्प झाली. मग म्हणाली, "वाचेल का?" मी म्हटलं, पाणी लवकर निवलं तर वाचेल. "आणि नाही निवलं तर? तुम्ही काय करणार, दादा?"

तिला प्रवाळासाठी काय करणार असं विचारायचं असेल. मला मात्र तो प्रश्न माझ्या चुलीबद्दलचा वाटला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतरच्या वर्षांत जे वाचलं, पाहिलं, करून बघितलं, त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे.

मी मालवणचा. आजोबा आणि वडील रापणीवर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकत नेतात आणि दोन्ही टोकांचे दोर धरून गाव ते ओढतं. दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा. रापणीला मासा कमी पडू लागला तसा मी पाण्याखालच्या कामाकडे वळलो. धाकटा भाऊ खडपांच्या आसपास जाळं टाकतो. शेवंड, गोब्रा, तांबोशी मिळते. माझी बायको पर्यटकांसाठी दोन खोल्या आणि खानावळ चालवते. म्हणजे आमच्या घरात तीन धंदे आहेत आणि तिन्ही एकाच खडपावर उभे आहेत. पर्यटक ते बघायला येतो, मासा तिथे वाढतो, आणि माझ्या बायकोच्या ताटात तोच मासा त्याच पर्यटकाला वाढला जातो. खडप गेलं तर घरातला एकही माणूस दुसऱ्याला सावरू शकणार नाही.

प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो प्राणी आहे. हजारो इवले जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं, आणि प्रवाळाला लागणाऱ्या अन्नातलं बहुतेक, काही जातींत नव्वद टक्क्यांपर्यंत, तिथूनच येतं. रंगही त्या शैवालाचाच. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि महिनाभर तसंच राहिलं की हा संसार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो आणि आतला पांढरा चुना दिसू लागतो. पांढरा पडलेला प्रवाळ अजून जिवंत असतो. काही आठवड्यांत पाणी निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर तो मरतो, त्याच्यावर शेवाळ चढतं आणि पुढच्या काही वर्षांत लाटा त्याचा भुगा करतात.

जगभरातले प्रवाळ एकाच वेळी असे पांढरे पडल्याच्या मोठ्या घटना १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात नोंदल्या गेल्या. चौथी घटना सुरू असल्याचं १५ एप्रिल २०२४ रोजी जाहीर झालं आणि जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला तिच्या उष्णतेची झळ पोचली. मालवणचं पाणी गढूळ, पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, त्यामुळे इथे टिकलेला प्रवाळ मुळातच काटक. नाजूक फांद्यांचा कमी, धोंड्यासारखा गोल, जाड जास्त. तरीही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१४ ते २०१९ या वर्षांचा अभ्यास केला तेव्हा इथला प्रवाळ पुन्हा पुन्हा पांढरा पडल्याचं दिसलं. माझ्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दर्याक ताप इलो हा."

हा ताप मी त्याआधी एकदा पाहिला होता. २०१० साली मी अंदमानात हॅवलॉक बेटावर, आता त्याला स्वराज द्वीप म्हणतात, डायव्हिंगचं काम शिकत होतो. एप्रिल-मे महिन्यात तिथला फांद्यांचा प्रवाळ डोळ्यांदेखत पांढरा झाला आणि पुढे बराचसा मेला. मी ज्यांच्याकडे कामाला होतो त्यांच्याकडे मोठी बोट होती. ते लांब, खोल, जरा थंड पाण्यातल्या खडकांवर लोकांना नेऊ लागले. नवशिक्यांचे वर्ग वाळूच्या तळावर घेऊ लागले. त्यांचा धंदा लंगडत का होईना, चालला. पण छोट्या होडीतून उथळ पाण्यात लोकांना काचेतून प्रवाळ दाखवणारा एक म्हातारा होता. त्याची होडी लांब जाऊ शकत नव्हती आणि उथळ पाण्यात दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढच्या हंगामात तो धक्क्यावर सामान उचलताना दिसला.

तापलेलं पाणी दोघांनाही सारखंच होतं. एकाकडे दुसरी वाट होती, दुसऱ्याकडे नव्हती.

हाच धागा मला पुढे ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात सापडला. तिथला ग्रेट बॅरियर रीफ २,३०० किलोमीटर लांबीचा, आणि २०१७ च्या एका आर्थिक अहवालानुसार त्याच्यावर ६४,००० रोजगार उभे आहेत. १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ या वर्षांत तिथे मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरा पडला. तारखा वाचतानाच कळतं की २०१६ पासून मधली अंतरं किती आखडली आहेत. तिथल्या नदीन मार्शल या संशोधक प्रवाळ मोजण्याऐवजी माणसांकडे गेल्या. मासेमार, पर्यटन-होडीवाले यांना त्यांनी विचारलं की बदल आला तर तुम्ही टिकाल का, आणि कशाच्या जोरावर. उत्तरांतून चार गोष्टी पुढे आल्या. धोका आणि अनिश्चितता माणूस कशी हाताळतो. नवं शिकण्याची, योजना करण्याची, घडी पुन्हा बसवण्याची त्याची तयारी किती. पैशाने आणि मनाने झटका सोसण्याची ताकद किती. आणि बदलायची त्याला इच्छा तरी आहे का. ज्याला एकच काम येतं आणि ज्याचा जीव त्या कामात नि त्या जागेत खोल गुंतलेला असतो, त्याला बदल सर्वांत जड जातो.

हे वाचलं तेव्हा माझे वडील डोळ्यांसमोर आले. रापणीला मासा नाही हे त्यांनाही दिसत होतं. मी म्हटलं, माझ्याबरोबर होडीवर चला, पर्यटकांना किल्ल्याभोवती फिरवा, वारा-पाणी तुमच्याइतकं कोणाला कळतं? ते म्हणाले, "ह्या वयात माका काय शिकवतलंस?" त्यात हट्ट कमी होता, दुःख जास्त. सरकारी योजनांत या दुःखाला रकाना नसतो. 'पर्यायी उपजीविका' असं लिहून मोकळं होता येतं. पण ज्याची सगळी ओळख एका दोराला बांधलेली आहे त्याच्या हातात दुसरा दोर देताना पहिला सोडायला लावायचा नसतो. वडील अखेर माझ्या होडीवर आले ते पर्यटकांना रापणीच्या गोष्टी सांगायला. आज लोक खास त्यांना विचारत येतात.

दुसऱ्या दोराची भाषाही त्यांचीच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेलं. आदल्या दोन दिवसांत वडिलांनी होडी वर ओढून घेतली, नेहमीचा दोर बांधला आणि मग माडाच्या बुंध्याला दुसरा. मला घाईत वाटलं, एवढं कशाला? ते म्हणाले, "वारो येवच्या आधी दुसरो दोर बांधूक होयो. वारो इल्यावर हात कापतत." होडी वाचली. माझ्या सामानाच्या खोपीवरचे पत्रे मात्र उडाले, हवा भरायचा कॉम्प्रेसर भिजून गेला. कोविडमुळे तो हंगाम आधीच बुडालेला. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून मी दुसरा कॉम्प्रेसर घेतला. तिने एका शब्दाने विरोध केला नाही, आणि ते मला अजून टोचतं.

फयान २००९ चं, ओखी २०१७ चं, क्यार २०१९ चं. आमच्याकडे आता मुलांची वयं वादळांवरून सांगतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन कालखंडांची तुलना केली. अरबी समुद्रातल्या वादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि अतितीव्र वादळं दीडशे टक्क्यांनी. ज्या गरम पाण्याने प्रवाळ पांढरा पडतो, तेच वादळाला बळ देतं. आणि उथळ पाण्यातलं प्रवाळाचं खडप लाटेचा जोर मोडतं. जगभरच्या मोजमापांवरून असं दिसतं की धडधाकट प्रवाळभिंत लाटेची सरासरी ९७ टक्के ऊर्जा खाऊन टाकते. आमचं विरळ खडप एवढं काम करत नाही. पण जिथे अशी भिंत आहे तिथे ती खचणं म्हणजे वादळ वाढत असताना बांध फुटणं.

हे मेक्सिकोतल्या किंताना रो राज्याने फार आधी ओळखलं. कान्कुनचा तो किनारा हॉटेलांनी भरलेला. २००५ च्या विल्मा वादळात त्याची दैना झाली. पुढे त्या राज्याने जवळपास १६० किलोमीटर किनाऱ्यासाठी प्रवाळाचा आणि वाळूचा विमा उतरवला. आपल्या होडीचा, दुकानाचा विमा आपल्याला कळतो. इथे विमा खडपाचा. त्याची गंमत नियमात होती. नुकसान मोजायला कोणी साहेब यायचा नव्हता, पंचनामा नव्हता, अर्ज नव्हता. ठरलेल्या क्षेत्रात वाऱ्याचा वेग १०० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १८५ किलोमीटर, याच्या वर गेला की पैसे देय होत. ऑक्टोबर २०२० मध्ये डेल्टा वादळ आलं आणि आठ-साडेआठ लाख डॉलर मिळाले.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती तिथल्या पुएर्तो मोरेलोस गावातली पथकं. मासेमार, डायव्हिंग गाइड, हॉटेलात काम करणारे यांना आधीच शिकवून ठेवलं होतं की वादळानंतर उलटलेला प्रवाळ कसा सरळ करायचा, तुटलेले तुकडे कसे गोळा करायचे, सिमेंटने परत कसे बसवायचे. हे काम पहिल्या काही दिवसांत, आठवड्यांत झालं तरच उपयोग, कारण वाळूत घरंगळणारा तुकडा झिजून मरतो. म्हणून पैसा पटकन हवा आणि हात तयार हवेत. आपल्याकडे वादळानंतर नुकसानभरपाई मिळते, उशिरा का होईना. पण पुन्हा उभं करण्याचं काम आणि त्याची मजुरी त्याच गावातल्या माणसाला, तेही ठरवून, शिकवून, आधीच, असं मी आमच्या किनाऱ्यावर पाहिलेलं नाही. ते व्हावं असं मला मनापासून वाटतं. पाण्याखाली उतरू शकणारी पोरं मालवणात आहेत. वादळानंतर ती रिकामी बसलेली असतात.

लक्षद्वीपची गोष्ट उलट बाजूने शिकवते. तिथला कोळी पिढ्यान्पिढ्या गळकाठीने ट्यूना धरतो. खाजणातून जिवंत बारीक मासा आमिषाला घ्यायचा, बाहेरच्या समुद्रात तो फेकायचा आणि उसळून आलेला ट्यूना काठीने एकेक उचलायचा. ट्यूनावर घर चालल्यामुळे खडपावरच्या माशांना माणसाचा उपद्रव कमी राहिला. ते मासे मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ चरतात आणि नव्या प्रवाळाला जागा करून देतात. १९९८ च्या मोठ्या आघातानंतर तिथली काही खडपं सावरली त्यामागे हेही एक कारण मानलं जातं. पण लागोपाठच्या उष्णतेपुढे तेही पुरत नाही. निसर्ग संवर्धन प्रतिष्ठानच्या संशोधकांनी २४ वर्षं ठेवलेल्या नोंदींत जिवंत प्रवाळाचं प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलेलं दिसतं. प्रवाळ संपला तर आमिषाचा मासाही कमी होणार, आणि मग ट्यूनाही. खडपाला हात न लावता जगणारा कोळीसुद्धा शेवटी खडपावरच जगतो.

आता आमच्याकडचं सांगतो. मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं १९८७ साली, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. गावाने तेव्हा विरोध केला आणि आजही 'अभयारण्य' शब्द निघाला की आवाज चढतात. कारण उघड आहे. समुद्र ज्यांच्या जगण्याचा, त्यांना न विचारता नकाशावर रेघ ओढली गेली. त्या रेघेच्या आत पुढे पर्यटन वाढलं, तेही कोणाला न विचारता. २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्याच संशोधकांनी लिहिलं की अनियंत्रित डायव्हिंगमुळे इथल्या प्रवाळाची मोडतोड होते आहे. ते वाचून आमच्यातले बरेच चिडले. मी चिडलो नाही, कारण माझा स्वतःचा नांगर मी खडपात अडकलेला पाहिला होता. ओढून काढला तेव्हा हाताएवढा प्रवाळाचा तुकडा त्याच्याबरोबर आला. तेवढा वाढायला त्याला कित्येक वर्षं लागली असतील. असा धोंड्यासारखा प्रवाळ वर्षाला एखादा सेंटिमीटरच वाढतो.

त्यानंतर आम्ही चार होडीवाल्यांनी परवानगीसाठी एका कार्यालयाच्या खेपा घातल्या. दीड हंगाम गेला. मग खडपाच्या कडेला वाळूत काँक्रीटचे ठोकळे सोडून त्यांना साखळी-दोराने बोये बांधले. होडीने नांगर न टाकता बोयाला बांधायचं. एवढीच गोष्ट. ऑस्ट्रेलियात पर्यटन-होड्यांसाठी ही पद्धत कित्येक वर्षांची आहे, आणि तिथला पर्यटक त्या समुद्राच्या देखभालीसाठी दर दिवशी ठरावीक शुल्कही भरतो. जो होडीवाला नियम चांगले पाळतो त्याला तिथे जास्त वर्षांचा परवाना मिळतो. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. ज्याला पुढची पंधरा वर्षं तिथेच धंदा करायचा आहे तो खडपाची काळजी घेईल. ज्याला पुढच्या हंगामाचाच भरवसा नाही तो आज मिळेल ते ओरबाडेल.

बोयाने पाणी थंड होत नाही, हे मला माहीत आहे. ते कोळसा आणि तेल जाळण्यावर आहे, आणि तो निर्णय मालवणच्या धक्क्यावर होत नाही. पण तापाने फणफणलेल्या माणसाला कोणी वर काठीने मारत नाही. नांगर, पर्यटकांचे पाय, खाडीतून येणारं सांडपाणी, खडपात अडकून राहिलेली फाटकी जाळी, एवढे मार कमी झाले तर उष्णतेतून उठायला प्रवाळाला बळ राहतं. प्रवाळाचे तुकडे सिमेंटच्या चौकटींवर बांधून वाढवण्याचे प्रयोग होतात, त्यांचे फोटो छान येतात. त्याला माझा विरोध नाही. पण जुना, स्वतःहून टिकलेला प्रवाळ नांगराखाली तुटत असताना नवा लावणं म्हणजे पायरी आंब्याचं झाड तोडून त्याच्या शेजारी रोप लावण्यासारखं आहे.

दुसरी वाट शोधायलाही आमच्याच जिल्ह्यात उदाहरण आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवनाची सफर चालवतात. स्वतः होडी वल्हवतात, झाडं, पक्षी, खेकडे दाखवतात. राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानच्या योजनेतून खेकडे, कालवं यांची शेती करणारे गटही किनाऱ्यावर आहेत. यातलं काहीही रापणीची किंवा डायव्हिंगची जागा घेणार नाही. पण एखाद्या वर्षी खडप पांढरं पडलं आणि आम्हीच ते दोन महिने बंद ठेवायचं ठरवलं, तर चूल पेटती राहील. थायलंडने जानेवारी २०११ मध्ये पांढऱ्या पडलेल्या प्रवाळाच्या १८ जागा पर्यटकांना बंद केल्या होत्या. आमच्याकडे तशी वेळ आली तर बंदी वरून येण्याआधी गावाने ठरवलेली बरी, आणि पोटाची सोय असेल तरच गाव ते ठरवू शकेल.

त्यासाठी आधी कळायला हवं. हैदराबादची इन्कॉइस संस्था समुद्राच्या तापमानावरून प्रवाळाला असलेल्या धोक्याचे इशारे काढते. मासा कुठे मिळेल याचा तिचा संदेश जसा कोळ्यापर्यंत जातो, तसा हा इशाराही मालवणातल्या प्रत्येक होडीवाल्याच्या मोबाइलवर मराठीत यायला हवा. आणि उलट दिशेने आमच्या नोंदी तिकडे जायला हव्यात. मी २०१६ पासून वही ठेवतो: तारीख, पाणी किती गढूळ, कुठलं खडप कसं दिसलं. भाऊ त्याच्या वहीत शेवंडांची संख्या लिहितो. वडील सांगतात ते वाऱ्याचं मी लिहून घेतो. कुठलाही शास्त्रज्ञ इथे रोज उतरू शकत नाही. आम्ही उतरतो.

तुम्ही मालवणला याल तेव्हा होडीत बसण्याआधी एक विचारा: "नांगर टाकता की बोयाला बांधता?" नांगर टाकणाऱ्याकडे शंभर रुपये कमी लागत असले तरी बोयावाल्याकडे जा. खाली उतरल्यावर कशालाही हात लावू नका, पाय टेकू नका. पांढरा प्रवाळ दिसला तर वर आल्यावर आम्हाला सांगा, कुठे दिसला ते.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही बोये काढून ठेवतो, नाही तर उधाण ते घेऊन जातं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला आणि पाणी जरा निवळलं की परत टाकतो. गेल्या हंगामात तीन होते. यंदा पाच टाकायचे आहेत, दोर आणून ठेवला आहे.